जाळीवरून गेलेला हात

मुनीम बन्सीधर आत आला, बाजेवर बसला आणि चहा प्याला. यातली एकही गोष्ट त्याने या घरात आजवर केली नव्हती. नामांतराच्या जाळपोळीत गावातलं घर गेल्यापासून सूर्यभानचं कुटुंब कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारातल्या या दोन खोल्यांत राहत होतं, आणि मुनिमाचं येणंजाणं कायम उंबऱ्याबाहेर थांबत होतं. गरज पडली की विटाळ कुठे दडी मारून बसतो कुणास ठाऊक, असं सूर्यभानच्या बायकोच्या, सरजाबाईच्या, मनात आलं. तरी चहात तिने साखर हात सैल सोडून घातली होती, आणि ते तिचं तिलाच आवडलं नव्हतं.

"उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार," बन्सीधर म्हणाला. "भोपाळ झाल्यापासून ही माणसं लय कडक वागायलीत. लक्ष्मीबाईचं बयान घेतील. अवघड काही न्हाई. जाळी होती, मी जाळीवरून हात घातला. एवढंच म्हणायचं."

लक्ष्मीबाई भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापासून गेलेला, वर पदर ओढलेला. दवाखान्यातून आल्यापासून ती अशीच त्या भिंतीशी बसायची. सरजाबाईची ही जाऊ. मधला दीर गेल्यावर सूर्यभाननेच तिला सरजाबाईबरोबर जिनिंगमध्ये कामाला लावलं होतं.

"दवाखान्याचं सगळं मालक बघतील," मुनीम पुढे म्हणाला. "लक्ष्मीबाईला झेपंल तसं काम जन्मभर. सूर्यभान आमचा फिटर हाय, तो काय कुठं जायलाय का? आन या खोल्या..." त्याने वर पत्र्याकडे पाहिलं. "खोल्यांचं मालकांनी कवा नाव काढलंय का?"

मुनिमाने कप खाली ठेवला, लक्ष्मीबाईला लांबूनच नमस्कार केला आणि निघून गेला. त्याच्या चपला पत्र्याच्या फाटकापर्यंत वाजत राहिल्या.

घडलं होतं ते सगळ्या जिनिंगला ठाऊक होतं. दसऱ्याला मशिनीची पूजा व्हायची. दरसाल सकाळी सूर्यभान पान्याने स्क्रू काढून मोठ्या पुलीपुढची लोखंडी जाळी उतरवायचा, कारण हळदकुंकू जाळीला लावून भागत नाही, खुद्द पुलीला लागावं लागतं. जाळी काढायला सूर्यभान, पूजेला मालक आणि भटजी. जाळी उतरली की सूर्यभान हात धुऊन घरच्यांना घेऊन विहारात जायचा, धम्मचक्राचा दिवस म्हणून. पूजेनंतर पुलीवरच्या आडव्या दांड्याला झेंडूचा हार बांधायचे आणि तो कोजागिरीपर्यंत उतरवायचा नाही, अशी मालकांच्या घरची चाल. हार असेतो जाळी बसत नसे. इतकी वर्षं ते चालून गेलं, कारण कापूस उशिरा यायचा आणि मशिनी कोजागिरीनंतर सुरू व्हायच्या. यंदा कापूस लवकर फुटला. दसऱ्यालाच मुहूर्त झाला, दुसऱ्या दिवशी पट्टा फिरू लागला, आणि हार तिथेच होता.

वाऱ्याने हाराचं एक टोक सुटलं. झेंडूच्या पिवळ्या पाकळ्या कापसात पडू लागल्या. रुईत पाकळी गेली की गाठीचा दर पडतो, म्हणून मुकादम ओरडला. ओट्यावर सगळ्यात जवळ लक्ष्मीबाई होती. तिने हाराचं टोक धरायला हात पुढे केला आणि पंजा पट्ट्यात ओढला गेला.

जाळी आता जागेवर होती. तिला हिरवा रंगही लागला होता.

"दादा," नागनाथ म्हणाला, "तू काहीच बोलायला न्हाईस."

नागनाथ धाकटा भाऊ. बोरीच्या शाळेत गणित शिकवायचा आणि आज रविवारची एसटी धरून मुद्दाम आला होता. मुनीम असेपर्यंत तो ओठ आवळून बसला होता. सरजाबाईला त्याची ती सवय चांगली माहीत होती. हा माणूस जेवढा वेळ गप्प बसायचा, तेवढं नंतर व्याजासकट बोलायचा.

"मी काय बोलू?" सूर्यभान म्हणाला. "जाळी काढली मी. लक्ष्मी म्हणंल तसं."

हे ऐकून सरजाबाईला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी नवऱ्याची लाजही वाटली. घरातल्या थोरल्याने स्वतःच्या मानेवरचं ओझं हात गेलेल्या बाईच्या मांडीवर ठेवून द्यावं, आणि आपल्याला बरं वाटावं. ती उठून चुलीशी गेली.

"लक्ष्मीवहिनी खोटं बोलली तरी ते टिकणार न्हाई," नागनाथ म्हणाला. त्याने चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि सकाळीच सारवलेल्या जमिनीवर रेघ ओढली.

"आत्ता सारवलंय भावजी."

"पुन्हा सारवून देतो मी. हे बघा. हा ओट्यावर बसलेल्या वहिनीचा खांदा. हा पट्टा. खांद्यापासून पट्ट्यापर्यंत ही सरळ वाट. एवढाच वहिनीचा हात. सरळ गेला म्हणून तर पोचला. बरोबर?"

"बरोबर."

"आता जाळी लावू." त्याने दोघांच्या मधे, रेघ तोडत, एक उभी रेघ ओढली आणि तिचं टोक वर नेलं. "सरळ वाट बंद झाली. आता हाताला खांद्यापासून जाळीच्या टोकावर चढायचं आन तिथून पट्ट्यापर्यंत उतरायचं. त्रिकोण झाला. दोन बाजू चालायच्या. आन त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. नववीच्या पोराला इचारा. सरळ वाटेला जेमतेम पुरलेला हात वळसा घालून पुरंलच कसा?"

सरजाबाई कोळशाच्या रेघांकडे बघत राहिली. शाळा तिने चौथीपर्यंतच पाहिली होती, पण यात न कळण्यासारखं काही नव्हतं. शेताला बांधावरून वळसा पडतो आणि मधून गेलं की लवकर पोचतो, हे बकरीलाही कळतं. तिला राग आला तो कळलं म्हणूनच.

"मग काय करावं म्हणता?"

"खरं सांगावं. कायदा फिटरला धरत न्हाई, मालकाला धरतो. फिरत्या मशिनीला कुंपण ठेवायचं काम मालकाचं. त्यासाठी माणसं झिजलीत वहिनी. बाबासाहेब दिल्लीत मजूर खातं बघायचे, तवा कामाचे तास कमी करायचं बिल त्यांनी..."

"बाबासायबांचं नाव घेतलं की आमी गप बसावं, ही तुमची जुनी खोड हाय," सरजाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी बी त्यांच्याच फोटोपुढं हात जोडते. तुमी बोरीला सरकारी पगारावर हाव. छप्पर आमचं जाईल. गाव पेटलं त्या वक्ताला कुणी दार उघडलं? कायद्यानं उघडलं का? व्यंकटराव मालकानं उघडलं. तुमी तवा जेलात होता, घोषणा देऊन. माझ्या अंगावर भिजलेलं लुगडं व्हतं आन आत्याबाईला उचलून आणलं व्हतं ह्यांनी."

हे खरं होतं, आणि या घरात ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

सासू सगुणाबाई कोपऱ्यात वाकळ शिवत होती. तिने सुई थांबवली. "दार उघडलं, ते मी मरंस्तोवर इसरणार न्हाई," ती म्हणाली. "पण जाळीचं एक सांगते. माझा भाऊ याच जिनिंगात गेला, निजामाच्या राज्यात. शाफ्टानं धोतर ओढलं. कुणी सायेब आला न्हाई, कुणी इचारलं न्हाई. सांजच्याला शाफ्ट धुतला आन दुसऱ्या दिशी भोंगा झाला. मग लय वर्सांनी कायदा झाला, सायेब आला, आन पुलीपुढं ही जाळी बसली. आमी बाया हसलो. कोंबड्याचं खुराडं म्हणायचो तिला. पण ती बसल्यापासून कुणाचा हात गेला नव्हता."

"म्हणजे माय, तू पण म्हणतीस की खरं..."

"मी काय बी म्हणत न्हाई. तुमी शिकलेले हाव." तिने पुन्हा सुई घातली. सगुणाबाईची ही रीत होती. पारड्यात धोंडा टाकायचा आणि तागडीकडे बघायचं नाही.

"बास करा," लक्ष्मीबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. दवाखान्यातून आल्यापासून ती अशा आवाजात बोलली नव्हती.

"हात माझा हाय. तुमी सगळे त्याच्यावर बोलायलाव, मला कुणी इचारायलं न्हाई. मी सांगणार, जाळी व्हती. मी वरून हात घातला."

"वहिनी, हा त्रिकोण बघा, हात पुरत न्हाई..."

"मोजणार कोण भावजी? हात कुठं हाय मोजायला?" ती हसली. ते हसू कुणालाच बघवलं नाही. "त्यांनी जाळला का पुरला, ते बी मला ठाऊक न्हाई. तुमचा त्रिकोण राहू द्या. खरं सांगून मला हात यायलाय का? न्हाई. दादाची नोकरी मात्र जाईल. मग आमी जायचं कुठं? त्याच गावात, ज्यांनी पेटवलं त्यांच्या शेजारी?"

सूर्यभानने मान खाली घातली. सरजाबाई लक्ष्मीजवळ बसली आणि तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. तिला लक्ष्मीचे पाय धरावेसे वाटत होते आणि तिचं तोंड बघवत नव्हतं. नागनाथने खाली वाकून हाताने कोळशाच्या रेघा पुसल्या, तर त्या आणखीच पसरल्या.

दुसऱ्या दिवशी मशिनी बंद होत्या. कामाच्या दिवशी जिनिंग एवढं शांत असतं, तेव्हा माणसं आपोआप दबक्या आवाजात बोलतात. बाया ओट्याच्या कडेने उभ्या होत्या. व्यंकटराव मालक धोतराचा सोगा हातात धरून आले. ते काही राक्षस नव्हते. लक्ष्मीबाई दिसली तेव्हा त्यांनी नजर खाली घातली आणि "बरं हाय ना बाई," असं कसंबसं विचारलं. ती "हाय," म्हणाली.

इन्स्पेक्टर बुटका, घामेजलेला माणूस होता. सरजाबाईने मनात कुणी तरी गुरगुरणारा साहेब धरला होता; हा तर शाळेतल्या हेडमास्तरासारखा, दोनदा चष्मा पुसणारा निघाला. त्याने जाळीचा रंग बोटाने पाहिला. बोटाला हिरवं लागलं नाही, तरी तो बोट बघत राहिला.

"बाई, त्या दिवशी ही जाळी इथं होती?"

"व्हती."

"मग हात कसा गेला?"

"वरून घातला. हार सुटला व्हता."

"जाळी असताना जाळीच्या आत हार कसा?"

लक्ष्मीबाई अडखळली. मुनीम पटकन म्हणाला, "वरच्या दांड्याला बांधतात साहेब. लोंबत होता."

"असं." इन्स्पेक्टरने चष्मा पुन्हा पुसला. "बाई, जिथं बसत होता तिथं बसा. आणि हात कसा घातला ते दाखवता का? जबरदस्ती नाही."

सरजाबाईने नागनाथकडे पाहिलं. तो शाळा बुडवून थांबला होता, खांबाशी उभा होता. तो खाली बघत होता. साहेबाला त्याने काही सांगितलं नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सांगायची गरजच नव्हती. ते नववीचं गणित होतं, आणि साहेबही कधीतरी नववीत होताच.

लक्ष्मीबाई ओट्यावर बसली. तिने डावा हात उचलला, जाळीच्या टोकावर नेला आणि पलीकडे सोडला. पंजा जाळीच्या आतल्या अंगाला लोंबला. पट्टा खाली, पुष्कळ दूर राहिला.

"जरा उठले व्हते मी," ती म्हणाली आणि गुडघ्यावर झाली. हात थोडा खाली गेला. पुरला नाही. तिने काख जाळीच्या काठावर टेकली, आणि लोखंड रुतलं तसं तिचं तोंड वाकडं झालं. बोटं ताणली. पदर सरकला, आणि तुटलेला हात तोल धरायला आपोआप वर आला. पट्टीत गुंडाळलेलं ते टोक हवेत काहीतरी शोधत होतं. ओट्यावरच्या एका बाईने तोंड फिरवलं.

"बाई कापसाच्या ढिगावर चढली असंल," मुनीम म्हणाला.

"हो," लक्ष्मीबाई धापा टाकत म्हणाली. "चढले व्हते. ढीग व्हता."

"कुठं?"

"हितं." शेजारी भरलेली पोती होती. ती त्यावर चढू लागली. एका हाताने चढणं तिला अजून जमत नव्हतं. वर पोचली, जाळीवर वाकली आणि पुन्हा हात खाली सोडला. आता खांदा आणखी वर गेला होता, आणि पट्टा आणखी लांब. तिला ते दिसत होतं. तरी ती ताणत होती. बोटांची टोकं पांढरी पडली होती, ओठ दातांत धरलेला. एखादी बाई लेकराला विहिरीतून ओढायला वाकावी तशी ती त्या खोट्यासाठी वाकली होती, आणि ते खोटं तिचं नव्हतं. ते सरजाबाईच्या चुलीचं होतं, तिच्या डोक्यावरच्या पत्र्याचं होतं, तिच्या नवऱ्याच्या पगाराचं होतं.

सरजाबाईने सूर्यभानकडे पाहिलं. तो बघत होता. पोतं सरकलं. लक्ष्मीबाईचा तोल गेला, आणि धरायला तिने जो हात पुढे टाकला, तो नव्हताच.

सरजाबाई कधी पळाली, ते तिला पुढेही आठवलं नाही. तिने लक्ष्मीला कमरेला धरलं, खाली उतरवलं आणि तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"जाळी नव्हती सायेब," ती म्हणाली.

बन्सीधर पुढे सरकला. "अहो, ही बाई तिथं..."

"मी तिथंच व्हते. पलीकडच्या मशिनीवर. दसऱ्याला पूजेसाठी जाळी काढत्यात. दरसाल. माझा नवरा काढतो, मालकाच्या हुकुमानं. हार उतरंस्तोवर ती बसत न्हाई. यंदा हार असतानाच पट्टा सुरू केला. माझी जाऊ खोटं बोलायली ती आमच्यासाठी. तिचा हात पुरत न्हाई, ते तुमाला बी दिसलंय, मला बी."

इन्स्पेक्टर सूर्यभानकडे वळला. "फिटर तुम्ही?"

"व्हय साहेब." सूर्यभान पुढे आला. "ती सांगती ते खरं हाय. काढायला सांगितली, मी काढली. बसवायला कुणी सांगितलं न्हाई, आन मी इचारलं न्हाई. हाराला आमी हात लावावा, असं कुणाला चाललं नसतं. पण पट्टा सुरू करू नका, एवढं मला म्हणता आलं असतं. ते मी म्हणलो न्हाई."

नागनाथ खांबापासून सुटला आणि येऊन भावाच्या शेजारी उभा राहिला. काल ज्याने एवढं शिकवलं, तो आज एक अक्षर बोलला नाही. सरजाबाईला तो पहिल्यांदाच आवडला.

व्यंकटरावांचा चेहरा रागाने तांबडा होईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. ते सूर्यभानकडे बघत राहिले, खूप दुखावलेल्या माणसासारखे.

"सूर्यभान," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुला दार उघडलं तेव्हा..."

सूर्यभान हात जोडून उभा राहिला. "ते खरंच हाय मालक," तो म्हणाला. "ते बी खरं हाय."

साहेब आणि मालक ऑफिसात गेले, मागून मुनीम. बाया कुजबुजू लागल्या. लक्ष्मीबाईने हात सोडवून घ्यायला झटका दिला.

"काय केलंस अक्का तू," ती दबक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे संतापाने भरले होते. "एवढी मरमर केली मी. थोडं थांबली असतीस तर त्यांनी लिहून घेतलं असतं. आता जायचं कुठं?"

"मला न्हाई माहीत."

"न्हाई माहीत, तर तोंड कशाला उघडलंस?"

"तू पडायली व्हतीस."

लक्ष्मीबाईने मान फिरवली. तिची पाठ हलत होती. दवाखान्यातही ती रडली नव्हती. सरजाबाईने तिला जवळ घेतलं नाही. घेतलं असतं, तर तिने ढकललं असतं.

खोल्या सोडा, असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची वाट बघणं सरजाबाईला जमलं नसतं. ती आवार ओलांडून घरी आली. सगुणाबाई दारात बसली होती. सुनेचं तोंड बघून ती वाकळेची घडी घालू लागली. सरजाबाईने फळीवरची भांडी उतरवली, चुलीजवळ लुगडं पसरलं आणि एकेक भांडं त्यात ठेवू लागली. कालच्या रेघांचा काळा डाग जमिनीवर तसाच होता. आता कुणाला सारवायचं होतं.

दारात सावली पडली. लक्ष्मीबाई आली होती. डोळे लाल, चेहरा अजून रागावलेला. आत आली, चुलीशी वाकली, आणि डाव्या हाताने मोठी कढई कडीला धरून उचलली. वजनाने ती एका अंगाला कलली, पण कढई खाली ठेवली नाही.

"ही मी घेते," ती म्हणाली. "तू पाण्याची घागर बघ."